फवारणीचा हिशेब : बाटलीची किंमत आणि दवाखान्याचे बिल

पोळा सरतो, कपाशीला पात्या-फुले धरू लागतात आणि खेड्यापाड्यांतून पंपांची घरघर ऐकू येऊ लागते. बाजाराच्या दिवशी कृषी केंद्रांपुढे गर्दी असते. याच दिवसांत आपल्याकडच्या रुग्णालयांत एक ठरावीक प्रकारचे रुग्ण दाखल होऊ लागतात. ताप नसतो, खोकलाही नसतो. पण अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे धूसर आणि छातीत घरघर. डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिले तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालेली दिसते. घरचे सांगतात, "सकाळी औषध मारायला गेला होता."

'औषध' हा शब्दच आपल्याकडे फार घात करतो. माणसाला वाचवते तेही औषध आणि अळी मारते तेही औषध. ज्याला औषध म्हणायचे त्याची भीती कशी वाटावी? इंग्रजी न येणारा शेतकरीदेखील डब्यावरची कवटी ओळखतो. पण शब्द रोजच्या बोलण्यातला झाला की कवटीकडे लक्ष जात नाही. या लेखात आपण त्याला सरळ कीटकनाशक किंवा विष असेच म्हणू.

वाचकांना २०१७ चा पावसाळा आठवत असेल. त्या वर्षी एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतूनही मृत्यूच्या बातम्या आल्या. पुढे शासनाने विशेष तपास पथक नेमले, विक्रेत्यांवर कारवाया झाल्या, पाच कीटकनाशकांच्या विक्रीला काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदीही झाली. कारणांची बरीच चर्चा झाली. कपाशी त्या वर्षी माणसाच्या खांद्याला लागेल इतकी वाढली होती, बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन विषे एकत्र मिसळली जात होती, बॅटरीवरच्या वेगवान पंपांचा तुषार अंगावर येत होता आणि हवा दमट होती. यांतले कोणतेही कारण त्या एका वर्षापुरते नव्हते. दाट पीक, उकाडा आणि मिसळलेली विषे आजही प्रत्येक हंगामात एकत्र येतातच.

म्हणून यंदा फवारणीला हात घालण्यापूर्वी एक हिशेब मांडून पाहावा, असे सुचवावेसे वाटते. आपण वहीत बाटलीची किंमत लिहितो, फवारणाऱ्याची मजुरी लिहितो. आजारी पडल्यावर बुडालेला रोज, तालुक्याला जायची गाडी, सोबतच्या माणसाचे जेवणखाण, रक्ताच्या तपासण्या, अतिदक्षता विभागाचे दिवस आणि त्यासाठी सावकाराकडून उचललेले पैसे यांची नोंद शेतीच्या खर्चात कोणीच करत नाही. ती झाली असती, तर कपाशीचा एकरी खर्च किती निराळा दिसला असता, हे एकदा तरी कागदावर करून पाहावे.

विष अंगात शिरते कोठून?

बहुतेकांची समजूत अशी असते की विष नाका-तोंडातून जाते, तेव्हा तोंडाला रुमाल बांधला की झाले. प्रत्यक्षात फवारणी करणाऱ्याच्या शरीरात विषाचा मोठा वाटा त्वचेतून जातो. सगळीकडची त्वचा सारखी नसते. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकावर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की हाताच्या त्वचेच्या मानाने कपाळाची व डोक्याची त्वचा जवळजवळ चौपट विष शोषते आणि जांघेतली नाजूक त्वचा दहापटीहून अधिक. आता गळका पंप पाठीवर घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. झाकणातून झिरपलेले पाणी पाठीवरून कमरेखाली उतरते आणि नेमके जेथे सर्वांत जास्त शोषले जाते तेथे जाऊन मुरते. वरून घाम आणि उकाडा. घामेजलेली, गरम त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा विष लवकर आत घेते. तो माणूस दिवसभर ओल्या चड्डीनिशी काम करतो आणि संध्याकाळी म्हणतो, "मी तर नाकाला फडके बांधले होते."

तेव्हा खर्च करायचाच तर पहिला खर्च पंपाच्या वायसरवर आणि झाकणावर करा. दहा-वीस रुपयांचा वायसर न बदलल्याने माणूस दवाखान्यात जातो. पाठीवर खताच्या जाड प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा बांधला तरी बराच बचाव होतो. (पिशवी खताची असावी, कीटकनाशकाची नव्हे.) पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, रबरी हातमोजे, डोक्याला टोपी आणि डोळ्यांना चष्मा एवढे तरी असावे. गमबूट असतील तर विजार बुटांच्या बाहेर सोडावी, नाहीतर ओघळ बुटातच साठतो. कापडी रुमाल ओला झाला की तो विष नाकाशीच धरून ठेवतो, म्हणून तो वेळोवेळी बदलायला हवा.

शासकीय पत्रकांत दाखवतात तसा नखशिखान्त पोशाख भाद्रपदाच्या उन्हात घालून कोणी चार तास चालू शकत नाही, हे आम्हांलाही कळते. ज्यांनी तो पोशाख ठरवला त्यांनी तो घालून एकदा तरी पऱ्हाटीत पंप चालवून पाहायला हवा होता. पण यावरचा उपाय उघड्या अंगाने फवारणे हा नाही. वेळ बदलणे हा आहे. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर फवारा, दुपारी मुळीच नको. एकाच माणसाने सलग दिवसामागून दिवस फवारू नये, कारण काही विषांचा परिणाम शरीरात साठत जातो. आठवडाभर रोज थोडे थोडे भिजलेल्या माणसाला आठव्या दिवशी किरकोळ संपर्कानेही लक्षणे दिसू शकतात.

आणखी दोन सवयी आहेत, त्यांबद्दल रागावून बोलले तरी चालेल. एक म्हणजे नोझल तुंबले की तोंडाने फुंकणे. दुसरी, पंप खाली ठेवून त्याच हाताने खर्रा किंवा तंबाखू तोंडात टाकणे. हातावरचे विष त्यासरशी थेट जिभेखाली जाते. तंबाखू चघळल्याशिवाय काम होत नसेल, तर आधी साबणाने हात धुवावे. त्यासाठी धुऱ्यावर स्वच्छ पाण्याची घागर आणि साबणाची वडी ठेवावी. उपाशीपोटी फवारणीला जाऊ नये आणि वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये.

डब्यावरचा रंग वाचा

कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. लालावर कवटीचे चिन्हही असते. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. एकाच किडीवर निळ्या किंवा हिरव्या रंगाचे कीटकनाशक मिळत असेल, तर लाल-पिवळे घेण्याचे कारण नाही. दुकानदाराला हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

बंदी आलेल्या विषांचीही माहिती असावी. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस आणि फॉस्फामिडॉन ही २०२० अखेर बंद झाली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच मनाई होती आणि त्याचे सर्वत्र चालणारे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला. घरातल्या कोनाड्यात यांतली एखादी जुनी बाटली पडली असेल, तर 'वाया कशाला घालवायची' म्हणून ती वापरू नका. नाल्यात ओतू नका, जमिनीत पुरूही नका. घट्ट बंद करून, लेबलासह कुलपात ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा.

खरेदी करताना पक्की पावती घ्यावी. उधारीवर माल घेणाऱ्याला पावती मागायचा संकोच वाटतो, हे खरे. पण त्या कागदावर कीटकनाशकाचे नाव आणि गट क्रमांक असतो. उद्या विषबाधा झालीच, तर डॉक्टरांना आणि नंतर तलाठी-कृषी कार्यालयात तोच कागद दाखवावा लागतो.

लक्षणे आणि पहिला अर्धा तास

अंगातून गेलेले विष कधी तासाभरात, तर कधी रात्री उशिरा आपला गुण दाखवते. डोके दुखणे, मळमळ, अशक्तपणा, डोळ्यांना धूसर दिसणे ही सुरुवातीची लक्षणे. घरचे म्हणतात पित्त झाले असेल, ऊन लागले असेल. उन्हाच्या तडाख्यात अंग भाजल्यासारखे तापते. कीटकनाशकांच्या ज्या गटाला डॉक्टर ऑर्गनोफॉस्फेट म्हणतात, त्यांच्या विषबाधेत बहुधा घाम व लाळ वाहत राहते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात. पण घरी बसून हा फरक करण्यात वेळ घालवू नये. ज्याने आज किंवा काल फवारणी केली आहे आणि ज्याला मळमळते आहे, त्याला विषबाधाच झाली आहे असे धरून चालावे.

त्याला ताबडतोब शेताबाहेर, मोकळ्या हवेत आणा. अंगावरचे सगळे कपडे उतरवा, आतले आणि करगोट्यासकट. साबण आणि भरपूर पाण्याने डोके, काखा, जांघा, नखे नीट धुवा. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळे धूत राहा. धुणाऱ्याने स्वतःच्या हातात मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. तोपर्यंत दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल तर त्याला कुशीवर निजवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.

आता काय करू नये ते. दूध पाजू नका, तूप पाजू नका, लिंबाचा रस, मिठाचे पाणी, शेणाचे पाणी काहीही नको. बरीच कीटकनाशके स्निग्ध पदार्थांत चटकन विरघळतात. विष पोटात गेले असेल तर दूध-तुपाने फायदा काहीच होत नाही, उलट उलटी छातीत जाण्याचा धोका मात्र वाढतो. घशात बोटे घालून उलटी काढू नका. बहुतेक द्रव कीटकनाशकांत रॉकेलसारखे द्रावक असते. ते उलटताना फुप्फुसात गेले तर विषापेक्षा वेगळाच घोर उभा राहतो. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला तास तर परत मिळतच नाही.

निघताना बाटली किंवा तिचे लेबल सोबत घ्या. निदान मोबाइलवर त्याचा फोटो काढा. दोन-तीन मिसळली असतील तर सगळ्यांची लेबले न्या, त्यात टाकलेल्या टॉनिकचेही. ऑर्गनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन नावाचे इंजेक्शन हा खरा उतारा आहे आणि ते वेळेवर व पुरेसे मिळाले तर माणूस हमखास म्हणावा इतका सावरू शकतो. पण सगळ्याच कीटकनाशकांना उतारा नाही. काहींमध्ये लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. डब्यात काय होते हे कळले नाही, तर डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते.

डॉक्टर विचारतात, "फवारताना लागले की प्यायला?" या प्रश्नाने नातेवाइकांचा अपमान होतो; पोलिसांची भीतीही असते. तरीही खरे सांगावे. दोन्हींत विषाचे प्रमाण आणि उपचाराची दिशा वेगळी असते. डॉक्टरांना जीव वाचवायचा असतो, चौकशी करायची नसते.

येथे एक गोष्ट जरा ठासून सांगतो, कारण ती खेड्यांत फारशी माहीत नाही. पहिल्या दिवसाच्या उपचाराने घाम-लाळ थांबते, रुग्ण बोलू लागतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, बिल कशाला वाढवायचे, घरी नेऊ. ऑर्गनोफॉस्फेट विषबाधेत याच टप्प्यावर, म्हणजे साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, काही रुग्णांच्या मानेचे व श्वासाचे स्नायू एकाएकी लुळे पडतात. उशीवरून डोके उचलता येईनासे होते, ही त्याची पहिली खूण. रुग्णालयात असेल तर कृत्रिम श्वासावर ठेवून तो वाचतो, घरी असेल तर रात्रीतून जातो. म्हणून डॉक्टर 'अजून दोन दिवस ठेवा' म्हणत असतील, तर त्यात पैशाचा लोभ आहे असे लगेच समजू नका.

पैसा कोठून आणायचा?

विषबाधेच्या रुग्णाला थेट मोठ्या खासगी रुग्णालयात नेण्याची ओढ असते. अंतर जवळ असेल आणि जीव धोक्यात असेल, तर जे जवळ ते खरे. परंतु ॲट्रोपिन हे महागडे इंजेक्शन नव्हे, ते सरकारी रुग्णालयांत मिळते, आणि अशा रुग्णांचा अनुभव जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांइतका क्वचितच कोणाला असतो. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार निःशुल्क आहेत.

खासगी रुग्णालयात न्यावेच लागले तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे दारातच विचारावे. या योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होते. ते आता पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. त्याला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून, आपल्या रुग्णाचा उपचार योजनेत बसतो की नाही हे आधी विचारून घ्यावे. प्रत्येक उपचार बसतोच असे नाही. अनामत रक्कम भरून झाल्यावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. शिधापत्रिका सापडत नाही, नावे जुळत नाहीत, सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावरच आहे, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींपायी अपरात्री माणसे हवालदिल होतात. हे काम पेरणीआधीच करून ठेवावे.

दुर्दैवाने मृत्यू ओढवला किंवा कायमचे अपंगत्व आले, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मदत मिळते. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा या योजनेत अपघात म्हणून धरली जाते. वय १० ते ७५ च्या दरम्यान असावे लागते आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो. पोलिसांतली नोंद आणि शवविच्छेदन अहवाल यांसारखी कागदपत्रे लागतात, म्हणून दुःखाच्या घाईत शवविच्छेदन टाळू नये.

पण ही योजना सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक जण यांच्यासाठी आहे. पंप पाठीवर असतो तो पुष्कळदा भूमिहीन मजुराच्या. तो दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याने निवडलेले विष, दुसऱ्याने सांगितलेल्या मापाने मारतो आणि त्याच्या नावावर सातबारा नसतो. हा अन्याय आहे, तो शासनाने दूर करायला हवा. तोपर्यंत शेतमालकाने निदान एवढे करावे : हातमोजे, चष्मा आणि धुण्याचे पाणी मजुराला आपण पुरवावे, मिसळण करताना स्वतः उभे राहावे आणि त्याला चक्कर आली तर दवाखान्याची गाडी आपल्या खर्चाने करावी.

न मारलेली फवारणी

सर्वांत स्वस्त आणि बिनधोक फवारणी कोणती, तर जी करावीच लागली नाही ती. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला म्हणून आपलाही सुरू करायचा, किंवा आठ दिवस झाले म्हणून मारायचे, या पद्धतीने फवारण्या वाढतात. त्याऐवजी शेतात फिरून मोजावे. एकरी वीस झाडे निवडून प्रत्येकाची वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने उलटून पाहावीत. तुडतुडे पानामागे सरासरी दोन-तीन, किंवा फुलकिडे दहाच्या आत असतील, तर पीक ते नुकसान सोसू शकते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे एकरी दोन लावावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभर फुला-बोंडांत पाच-दहा किडकी निघाली, तर उपाय करायची वेळ आली असे समजावे. मिटल्यासारखी दिसणारी डोमकळी तर लहान मूलही ओळखते. ती दिसेल तशी तोडून नष्ट करायचे काम मुले आनंदाने करतात. मात्र फवारलेल्या शेतात त्यांना पाठवू नये.

सुरुवातीच्या रसशोषक किडींवर पाच टक्के निंबोळी अर्क चांगला चालतो. पाच किलो निंबोळ्यांची भुकटी दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात दोनशे ग्रॅम साबणचुऱ्याचे पाणी घालून एकूण शंभर लिटर करावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडी झाडाखाली फुकट पडलेल्या असतात. तंबाखूचा काढा मात्र घरगुती म्हणून निर्धोक समजू नये. त्यातले निकोटिन स्वतःच एक जालीम विष आहे आणि ते कातडीतून जाते.

शेतात आपल्या बाजूने लढणारेही असतात. ढालकिडा मावा खातो, ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली गांधीलमाशी अळीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात जालीम विष मारले की हे आधी मरतात, कारण ते पानांवर उघडे फिरत असतात. मग पांढरी माशी मोकाट सुटते, तिच्यासाठी आणखी एक बाटली येते. बांधाला चवळीची ओळ लावली तर तिच्यावरच्या माव्यामुळे ढालकिडे तेथे वाढतात आणि कपाशीत उतरतात. फुलोऱ्यातल्या तुरीवर, सूर्यफुलावर दिवसा विष मारले तर मधमाश्या जातात आणि दाणा भरण्यावर त्याचा परिणाम होतो. डिसेंबर-जानेवारीत कपाशी काढून टाकावी, फरदड घेऊ नये, हा सल्ला कृषी खाते वर्षानुवर्षे देते. फरदडीच्या दोन क्विंटल कापसाचा मोह मोठा असतो. पण त्या उभ्या पऱ्हाट्यांतच बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत राहते.

विहीर, डबा आणि धुणे

पंप नाल्यात, विहिरीच्या काठावर किंवा गुरांच्या हाळावर धुवू नये. पायरेथ्रॉइड गटातली विषे अगदी थोड्या प्रमाणातही मासे मारतात, आणि खाली गावात तेच पाणी कोणीतरी पीत असते. बाटली रिकामी झाली की तीन वेळा पाण्याने खळबळून ते पाणी पंपातच ओतावे, पीक तेवढेच घेते. नंतर तिला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे ती कोणालाच वापरता येणार नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेले असावे असा संशय होता. आपल्या घरात रॉकेल, तेल, बियाणे कशात ठेवले आहे, हे आज संध्याकाळी एकदा पाहावे.

विषाची पेटी घराबाहेर, कुलपात असावी. मुलांसाठी तर खरेच, पण मोठ्यांसाठीही. नापिकीच्या, कर्जाच्या किंवा भांडणाच्या रात्री माणसाच्या मनात येणारा तो विचार पुष्कळदा काही तासांत मावळतो. हाताशी बाटली नसली तर ते तास निघून जातात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केल्यावर तेथल्या आत्महत्या पुष्कळ घटल्या, हे जगभर मान्य झाले आहे. घरातला माणूस गप्प गप्प राहत असेल, रात्री झोपत नसेल, तर किल्ली दुसऱ्याकडे द्यावी आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलावे. हा फोन निःशुल्क आहे.

फवारणाऱ्याचे कपडे बहुतेक घरांत बायकोने धुवायचे असतात, आणि तेही सगळ्या घरच्या कपड्यांबरोबर. ते वेगळे ठेवावेत. हातमोजे घालून, आधी नुसत्या पाण्यात आणि मग साबणाने दोनदा धुवावेत, उन्हात वाळवावेत. घरात लहान बाळ असेल किंवा बाई गरोदर असेल, तर हे काम ज्याने फवारले त्यानेच करावे, त्यात कमीपणा काही नाही. मूळ बाटलीतले घट्ट विष ज्या कपड्यावर सांडले असेल तो कपडा धुण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावा. वेचणीला जाणाऱ्या बायांनी शेवटची फवारणी कधी झाली हे मालकाला विचारून मगच पऱ्हाटीत शिरावे. किती दिवस थांबायचे ते लेबलावर छापलेले असते. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावे किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत विचारावे.